न पाहता दिलेला होकार

बँकेच्या नोकरीत मी चौतीस वर्षे काढली. हाताखालच्या मंडळींना माझी एक सवय जाचक वाटे. समोर आलेला कागद स्वतः वाचल्याशिवाय मी त्यावर सही करीत नसे. "साहेब, मी पाहिलंय," असे कोणी म्हणाले, तर माझे उत्तर ठरलेले असे : "तुम्ही पाहिलंत, आता मी पाहतो." निवृत्तीच्या निरोपसमारंभात या सवयीचे कौतुक झाले आणि थट्टाही झाली. अशा माणसाने एका दुपारी न पाहता 'हो' म्हटले, तेही दोनदा, आणि त्यापायी एका तरुणाचा जीव जाता जाता राहिला. घराबाहेर मी हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वादळाच्या बातम्या वाचल्या आणि वाटले, आपल्या मासिकाच्या वाचकांना तरी सांगावे.

आम्ही मूळचे सांगलीचे. मुलगा वैद्यकीय अधिकारी म्हणून श्रीवर्धन तालुक्यातील एका गावी प्राथमिक आरोग्य केंद्रात होता. मार्च २०२० मध्ये नातीला पाहण्यासाठी आम्ही उभयता आठ दिवसांकरिता तिकडे गेलो आणि टाळेबंदीमुळे तिथेच राहिलो. घर भाड्याचे, जुने, कौलारू. मागे विहीर आणि तिच्यापलीकडे नारळी-पोफळीची वाडी. गल्लीत पाच घरे. त्यांपैकी शेजारचे घर बंद होते. मालक मुंबईला, टाळेबंदीत तिकडेच अडकलेले.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपासच ते जमिनीवर शिरले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा म्हणजे काय, हे तोवर मला वर्तमानपत्रातून ठाऊक होते. त्या दिवशी आम्ही पाचजण मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि डोक्यावरची कौले एकामागून एक उडत होती. वारा थांबल्यावर मागचे दार उघडले, तर वाडी ओळखू येईना. रोठा सुपारीसाठी नावाजलेला हा भाग. तिथली उंच, सडपातळ पोफळीची झाडे काही मुळासकट आडवी झाली होती, काही मधोमध मोडली होती. त्यांच्याखाली विजेचे खांब आणि तारांची गुंतवळ पडली होती. कोकणात वीजवाहिन्या बहुधा वाड्यांमधून जातात. त्यामुळे झाड पडले की तार तुटते, आणि एका तारेच्या ओढीने पुढचे दोन-तीन खांबही कोसळतात.

पहिले चार-पाच दिवस कोणी विजेचा विचारही केला नाही. छप्पर, पाणी आणि धान्य यांचीच विवंचना होती. मोबाईलला रेंज आली तशी मात्र माझ्यातला अधिकारी जागा झाला. सहाव्या दिवशी आरोग्य केंद्रात वीज आली, लसींचा फ्रीज सुरू झाला. आमच्या घरात अंधारच. मी वीज कंपनीच्या कार्यालयात रोज फोन करू लागलो. "डॉक्टरांचे घर आहे, लहान मूल आहे," असे सांगून पाहिले. मुलाला हे समजले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "बाबा, तिथे माझं नाव सांगू नका. आपली पाळी येईल तेव्हा येईल."

पाळी कशी ठरते, हे मला पुढे समजले. वीज परत आणण्याचे काम वरून खाली चालते. आधी मोठ्या मनोऱ्यांवरच्या उच्चदाब वाहिन्या आणि त्यांवर चालणारी उपकेंद्रे. मग ३३ हजार व्होल्टच्या वाहिन्या, त्यानंतर ११ हजारांचे फीडर. या टप्प्यावर रुग्णालय आणि पाणीयोजना आधी घेतात. मग गावातला ट्रान्सफॉर्मर, ज्याला सारे 'डीपी' म्हणतात. त्यातून निघालेल्या लघुदाब तारा घरोघर जातात, त्यांचा क्रमांक शेवटचा. उपकेंद्रच बंद असेल, तर आमच्या गल्लीतली तार जोडून उपयोग नाही. हिशेब सरळ होता. पण अंधारात बसलेल्या माणसाला आपल्या घराखेरीज दुसरा हिशेब सुचत नाही.

आणि ते काम तरी कसले! नऊ मीटरचा सिमेंटचा खांब उभा करायचा तर त्याचा सुमारे सहावा भाग, म्हणजे दीड मीटर, जमिनीत जावा लागतो. तिथली जमीन जांभ्या दगडाची. वाड्यांमध्ये यंत्र शिरत नाही, तेव्हा खड्डा पहारीने खणायचा. काही शे किलोंचा तो खांब दोरखंड बांधून आठ-दहा जणांनी खांद्यावरून न्यायचा. वाटेत पडलेली झाडे कापावीत, तर वाडीचा मालक म्हणे, "पंचनामा झाल्याशिवाय हात लावू देणार नाही." त्याचेही बरोबर होते. सुपारीचे झाड लावल्यापासून हाती उत्पन्न येईस्तोवर सहा-सात वर्षे जातात, आणि भरपाईचा पुरावा म्हणजे ती पडलेली झाडेच. त्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस सुरू झाला.

आमच्या गावात कामाला आलेली तुकडी बाहेरगावची होती. बारा जण होते. करोनाचे दिवस असल्याने बाहेरच्या माणसांना घरात घ्यायला कोणी तयार होईना. अखेर शाळेचा एक वर्ग उघडून दिला. त्याचेही पत्रे उडालेले. एका कोपऱ्यात ताडपत्री बांधून ते झोपत. येता-जाता मी त्यांना पाहत होतो. पण माझ्या लेखी ते 'अजून आमच्याकडे न आलेले लोक' होते, याहून अधिक काही नव्हते.

१४ जून, रविवार. वीज जाऊन बारावा दिवस. विहिरीचे पाणी शेंदून सूनबाईंचे हात सोलले होते. गावात एक-दोघांनी जनरेटर आणले होते आणि ते तासाच्या भाड्याने देत होते. मी एक तास ठरवला. विहिरीवरचा पंप चालवून टाकी भरून घ्यावी आणि तेवढ्यात मोबाईल चार्ज करावेत, असा बेत. जनरेटरवाला मुलगा वीस-बावीस वर्षांचा होता. त्याने मागच्या पडवीतल्या एका सॉकेटमध्ये वायर जोडली. अशी जोडणी केली की वीज घराच्या सगळ्या वायरिंगमध्ये फिरते आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी वायर ओढावी लागत नाही. सुरू करण्यापूर्वी त्याने विचारले, "आजोबा, मेन स्विच बंद आहे ना?"

"हो, आहे," मी म्हणालो.

मेन स्विच ओटीवर होता, दाराच्या मागे. त्याच्यासमोर आम्ही गळतीपासून वाचवलेली पोती रचली होती. तिथवर जाऊन पाहायला अर्धे मिनिट लागले असते. मी गेलो नाही. मनात विचार असा की, बारा दिवस वीजच नाही, तेव्हा तो बंद असला काय आणि चालू असला काय, सारखेच. भाड्याचा तास सुरू झाला होता, हेही एक कारण होते. बँकवाल्याच्या डोक्यात व्याज कधी थांबत नाही.

पंप सुरू झाला. टाकीत पाणी पडू लागले. घरातल्या सगळ्यांचे चेहरे खुलले. वीस-पंचवीस मिनिटांनी पुढच्या दारातून हाक आली, "काका, जरा भायेर येता का?"

तिशीचा एक तरुण दारात उभा होता. अंगात भिजलेला सदरा, कमरेला पट्टा, गळ्यात ओघळलेला मास्क. गल्लीतल्या खांबाला शिडी टेकवलेली होती आणि त्याचे दोन सोबती खाली थांबले होते. बोली ऐकताच मी ओळखले, हा आमच्या भागातला. मिरज तालुक्यातला निघाला.

"जनरेटर तुमचा चालू हाय का?"

"हो, पाणी भरतोय."

"मेन बंद हाय न्हवं?"

"आहे की," मी पुन्हा म्हणालो. या खेपेसही न पाहता. किंबहुना, पुन्हा पुन्हा विचारले म्हणून थोडा त्रासूनच.

तो वाद घालायला थांबला नाही. "जरा दावता का?" एवढेच म्हणाला. मी पोती बाजूला केली. मेन स्विचचा दांडा वर होता. चालू.

त्याने हात पुढे करून तो दांडा खाली ओढला आणि मला बाहेर नेले. शेजारच्या बंद घराच्या ओसरीकडे बोट दाखवून म्हणाला, "तो बल्ब बघा. आत्ता इझला का न्हाई?"

मग सारे उमगले. वादळात गल्लीची तार डीपीपासून तुटली होती, पण आमच्या पाच घरांमधला तुकडा खांबांवर शाबूत राहिला होता. आमच्या जनरेटरची वीज मेन स्विचमधून उलटी बाहेर पडून त्या तुकड्यात खेळत होती. शेजाऱ्यांनी मार्चमध्ये जाताना ओसरीवरचा दिवा बंद केला नसावा. भर दुपारी, कुलूप लावलेल्या घरात तो दिवा लागला. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना या तरुणाची नजर तिकडे गेली आणि तो थांबला. मग त्याने टेस्टर लावून पाहिले, तार जिवंत होती. जनरेटरचा आवाज त्याने ऐकला नव्हता असे नाही. पण आसपासच्या वाड्यांमध्ये जनरेटर आणि झाडे कापण्याची यंत्रे दिवसभर धडधडत होती. त्या गोंगाटात एक आवाज तो काय वेगळा कळणार?

मी म्हणालो, "पण वीज तर बारा दिवस नाही. मला वाटलं..."

"वरनं येत न्हाई काका, पर तुमच्याकडनं जातीया की."

तो रागाने बोलला नाही. लहान मुलाला समजावावे तसे त्याने मला समजावले. अकरा हजार व्होल्टचे चारशे करणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने वीज मिळाली तर चारशेचे अकरा हजार करतो. तार डीपीला जोडलेली असती आणि कोणी दूरवर वरच्या वाहिनीला हात लावून बसले असते, तर आमच्या पाणी भरण्याचा धक्का तिथे बसला असता. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी उपकेंद्रातून परमिट घ्यायचे, फीडर बंद झाल्याची खात्री करायची, टेस्टरने तपासायचे आणि मग तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची. ज्याने परमिट घेतले, त्यानेच ते परत केल्याशिवाय वीज सोडायची नाही. हे ऐकताना मला बँकेची तिजोरी आठवली. तिच्या दोन किल्ल्या दोघा अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. तिथे आम्ही नोटा सांभाळत होतो. इथे त्याच शिस्तीने ही माणसे एकमेकांचे जीव सांभाळत होती. आणि त्या साखळीबाहेरचा मी, एका तासाच्या भाड्यासाठी त्यांची सगळी खबरदारी फोल ठरवायला निघालो होतो.

"तुम्ही तपासूनच चढता ना पण?" मी विचारले. माझा अपराध थोडा कमी व्हावा, अशी त्या प्रश्नामागे इच्छा होती, हे आता कबूल करतो.

"चढतो की. पर बारा दिस झालं, रातच्याला झोप न्हाई. माणूस हाय, एकादं वक्ताला चुकतंय." मग जरा थांबून म्हणाला, "माझा जोडीदार असाच गेला. तीन वर्सं झाली."

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. तो शिडीकडे वळला. जाताना म्हणाला, "म्या सांगंपर्यंत मेन वर करू नका."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली पाहून चालावे, पाणी गाळून घ्यावे, दिव्यावर झाकण असावे, हे संस्कार आपल्या घरांत बोलायला येण्याआधी होतात. हिंसेला हेतूच लागतो असे नाही, प्रमादातूनही ती घडते, हे मी प्रवचनांत असंख्य वेळा ऐकले आहे आणि मान डोलावली आहे. पण प्रमाद म्हणजे काही मोठे पाप असेल, अशी माझी समजूत होती. तो अर्ध्या मिनिटाचा कंटाळा असू शकतो, हे मला त्या मेन स्विचने शिकवले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. बोलता बोलता कळले, बारांपैकी सात जण कंत्राटी आहेत. तो तरुणही त्यांतलाच. नऊ वर्षे खांबावर चढत होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, धोक्याची पातळी पंचेचाळीस. तेव्हा त्याचे स्वतःचे घर पाण्यात होते आणि तो इतरांच्या डीपी सुरू करीत हिंडत होता. आमच्या सांगलीच्या घराचा तळमजलाही त्या पुरात बुडाला होता. पाणी ओसरल्यावर वीज आली तेव्हा मी कोणाचे आभार मानले होते? आठवून पाहिले. कोणाचेच नाही. उशीर झाला म्हणून तक्रार मात्र केली होती.

आणखी एक गोष्ट आठवली. निवृत्तीच्या तीन-चार वर्षे आधी अशाच एका कंत्राटी वायरमनचा घरकर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. रक्कम लहान होती. पगारपत्रक नियमित नाही, नोकरी कायम नाही, काम जोखमीचे. मी अर्ज नामंजूर केला. नियमाने पाहिले तर माझे चुकले नाही, आजही मी तसे म्हणणार नाही. पण 'काम जोखमीचे' हे शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले होते. ती जोखीम कोणासाठी पत्करली जाते, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नव्हता. तो अर्जदार पुन्हा कधी भेटला नाही. त्याचा चेहराही आठवत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरून शाळेत डबे जाऊ लागले. घरात सूर्यास्तानंतर स्वयंपाक होत नाही, म्हणून सौ. आणि सूनबाई पाच वाजताच पोळ्या, उसळ, भात बांधून देत. ती मंडळी जेवत रात्री नऊ-दहाला, सगळे गार झालेले. "गरम देता येत नाही," असे सौ. एकदा खंतावून म्हणाली, तेव्हा त्यांच्यातला वडीलधारा उत्तरला, "ताई, घरचं हाय, हे काय कमी झालं?" दोन-तीन दिवसांत गल्लीतल्या इतर घरांतूनही डबे निघू लागले. कोणी भाकरी दिली, कोणी कोरडी सतरंजी दिली. ज्यांना गाव आठवडाभर दुरून पाहत होता, त्यांना लोक नावाने हाक मारू लागले. आमच्या हातून घडले ते इतकेच. त्याने माझी चूक फिटली, असे मी मानत नाही.

२० जून, शनिवारी, अठराव्या दिवशी संध्याकाळी तो दारात आला. भर पावसात. "काका, तार जोडली, फ्यूज टाकला. लाइन सोडायची हाय. तुमचा मेन बंद हाय का, बघून सांगा."

'बघून' या शब्दावर त्याने जरासा जोर दिला, की मलाच तसे ऐकू आले, कोण जाणे. मी टॉर्च घेऊन ओटीवर गेलो. दांडा खाली होता. हात लावून पाहिला, पुन्हा पाहिला आणि बाहेर येऊन सांगितले, "बंद आहे. पाहिलं मी."

थोड्या वेळाने गल्लीच्या टोकाकडून आवाज आला आणि शेजारच्या बंद घराच्या ओसरीवरचा तो बल्ब लागला. सर्वांत आधी तोच. मग त्याची हाक आली, "काका, आता करा वर." नात टाळ्या वाजवत घरभर धावली. मी बाहेर आलो तोवर ती मंडळी शिडी खांद्यावर घेऊन निघाली होती. पुढच्या वाडीत अजून अंधार होता.

या लेखाच्या निमित्ताने वाचकांना हात जोडून एक विनंती. आपल्या घरी, दुकानात, मंदिरात किंवा धर्मशाळेत जनरेटर असेल, तर तो सॉकेटमध्ये जोडू नका. जाणकार वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. तो असला की एका वेळी एकीकडचीच वीज घरात येते आणि आपली वीज बाहेरच्या तारेत जात नाही. तोवर निदान मेन स्विच बंद करा, आणि बंद केला आहे हे स्वतः जाऊन पाहा. पडलेली तार मेलेली आहे असे समजून तिला हात लावू नका. आणि वादळानंतर चार दिवस वीज आली नाही, तर फोन जरूर करा. पण खांबावरचा माणूस कुठे झोपतो आणि केव्हा जेवतो, हेही एकदा विचारा.